नाही म्हणण्याचं बिल

गेल्या पावसाळ्यात कल्याणहून भाचीचा फोन आला. बंगळूरला नवी नोकरी लागली होती, पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं, तिकीट काढून झालं होतं. "मामा, तिकिटावर ए३२० निओ असं लिहिलंय. ती इंजिनांची भानगड झाली होती ती हीच विमानं ना? नवीन विमान बरं की जुनं? जुनं बरं असेल तर बदलून घेते."

आमच्या नातेवाइकांत यंत्राबद्दलचा कुठलाही प्रश्न माझ्याकडे येतो. मिक्सर का जळला, गिझर कुठला घ्यावा, मध्येच थांबणाऱ्या लिफ्टमध्ये चढावं की नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं इन्स्पेक्शनचं काम केल्याचा हा परिणाम. मी तिला म्हटलं, "नवीन असो की जुनं, निर्धास्त बस. उडायला सोडलंय म्हणजे कुणीतरी तपासून सही केलेली आहे."

फोन ठेवला. बायको शेजारीच भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "सहीवर एवढा विश्वास? तुमचा?"

ती गोष्ट तिला माहीत आहे. आजवर तिच्याखेरीज मी ती कुणाला सांगितलेली नाही. गेली काही वर्षं नव्या विमानांच्या आणि त्यांच्या इंजिनांच्या बिघाडांबद्दल जे जे वाचत आलो, त्यात मला पुन्हा पुन्हा तीच गोष्ट दिसत राहिली. म्हणून हा लेख.

*

१९९१ सालची दिवाळी तोंडावर आली होती. आमचं वर्कशॉप लहान, बारा-चौदा माणसांचं, रोड नंबर सोळाच्या आतल्या गल्लीत. एका मोठ्या कंपनीला आम्ही पंपाच्या बुश बनवून देत असू. बुश म्हणजे शाफ्टभोवती बसणारी कांस्याची नळी. तिच्या आतल्या भोकाचं माप सांभाळणं एवढंच खरं काम. ते तपासायला प्लग गेज असतं. लोखंडी दांडा, त्याला दोन टोकं. एका टोकाला 'गो' म्हणतात, ते भोकात सहज गेलं पाहिजे. दुसरं 'नो-गो', ते आत जाता कामा नये. गेलं तर भोक मोठं झालं, जॉब बाद. भोक लहान राहिलं तर पुन्हा कापता येतं. मोठं झालं की काही करता येत नाही, कारण काढलेला धातू परत लावता येत नाही.

चारशे नगांचा लॉट होता. रिवाजाप्रमाणे वीस नग काढून तपासले. तिनांत नो-गो आत गेलं. सैल नाही, थोडा जोर दिल्यावर. पण गेलं. नियम असा की आता सगळे चारशे तपासायचे, आणि जे बाद होतील ते भंगारात टाकायचे.

नग बाद का झाले हेही मला माहीत होतं. रीमर झिजला होता. नवा आणा म्हणून लेथवरचे अण्णा पंधरा दिवस मागे लागले होते आणि मालक "दिवाळीनंतर बघू" म्हणत होते. अण्णांना नगावर पैसे मिळत. बाद नगाचे पैसे मिळत नसत, आणि लॉट परत आला तर बोनसही पुढं ढकलला जाई. अण्णा माझ्या टेबलाशी आले. विनवणी केली नाही, नुसतं विचारलं, "किती गेले?" मालकही काही बोलले नाहीत. उलट म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. सही तुमची."

मी सही केली. वीसपैकी वीस पास.

टेम्पो गेला. लॉट परत आला नाही, तक्रार आली नाही. त्या बुश कुठल्या पंपांत बसल्या, ते पंप कुठं चालले, कुणाच्या शेतात की कुठल्या कारखान्यात, हे मला कधी कळलं नाही. अण्णांना दिवाळी मिळाली. आणि मला एक गोष्ट कळली, जी कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत. 'नाही' म्हटलं तर नुकसान होणारा माणूस माझ्यासमोर उभा होता. त्याचं नाव, त्याचं घर, त्याची पोरं मला ठाऊक होती. 'हो' म्हटलं तर ज्याचं नुकसान होईल तो कुठं तरी लांब होता, आणि कदाचित नव्हताच.

*

आता विमानांकडे येतो.

विमानाच्या पुढं जो मोठा पंखा दिसतो त्याला हळू फिरणं मानवतं. त्याच दांड्यावर मागं बसलेल्या टर्बाइनला वेगानं फिरणं मानवतं. जुन्या इंजिनांत दोघंही एकाच वेगानं फिरायची, म्हणजे दोघांचीही थोडी गैरसोय. प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कंपनीनं दोघांच्या मधे गिअरबॉक्स घातला. टर्बाइन सुमारे तिप्पट वेगानं फिरू लागली, पंखा संथ झाला, आवाज कमी झाला आणि इंधनात सुमारे १६ टक्के बचत होईल असं कंपनीनं सांगितलं. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा एवढा मोठा असतो की १६ टक्के म्हणजे जगणं आणि मरणं यातला फरक. भारतातल्या दोन कंपन्यांनी ही इंजिनं लावलेली एअरबस ए३२० निओ विमानं शेकड्यांनी मागवली. इंडिगोचं पहिलं विमान मार्च २०१६ मध्ये आलं. मुंबईच्या वाडिया समूहाच्या गोएअरचं, म्हणजे पुढच्या गो फर्स्टचं, त्याच वर्षी.

इंजिनाची कल्पना उत्तम होती. गंमत अशी की ज्या गिअरबॉक्सची सगळ्यांना भीती होती तो बहुतांशी नीट चालला. त्रास दिला तो आजूबाजूच्या, सवयीच्या वाटणाऱ्या भागांनी. सुरुवातीला गरम दांडा किंचित वाकायचा, म्हणून इंजिन सुरू करताना थांबावं लागे. मग ज्वलनकक्षाचं अस्तर अपेक्षेपेक्षा लवकर झिजू लागलं. आपल्याकडची गरमी आणि हवेतली धूळ त्याला मदत करत होती. मग कॉम्प्रेसरमधल्या एका सीलचा प्रश्न निघाला. १२ मार्च २०१८ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, ते सील असलेली इंजिनं लावलेली ११ विमानं जमिनीवर ठेवायला लावली. ८ इंडिगोची, ३ गोएअरची. त्या महिन्यात शेकडो उड्डाणं रद्द झाली. २०१९ मध्ये टर्बाइनची पाती निकामी होऊन हवेत इंजिन बंद करण्याचे प्रसंग लागोपाठ घडले. १ नोव्हेंबर २०१९ ला डीजीसीएनं इंडिगोला सांगितलं की ९७ विमानांवरची इंजिनं ३१ जानेवारी २०२० पर्यंत बदला. ही मुदत पुढं वाढवावी लागली, पण इंजिनं बदलली गेली.

हे सगळं वाचताना मी सवयीनं एक हिशेब करत होतो. या इंजिनांमुळं भारतात किती माणसं दगावली? एकही नाही. एक इंजिन बंद पडलं तरी विमान दुसऱ्यावर उतरतं, तशीच त्याची रचना असते. आणि दुसऱ्यावरही भरवसा ठेवायला नको असं वाटलं तेव्हा कुणीतरी 'नाही' म्हटलं. नो-गो आत गेलं आणि लॉट थांबवला. मी जे केलं नाही ते इथं केलं गेलं.

मग यात नैतिक प्रश्न कुठं आहे? तो आहे बिलात.

*

गो फर्स्टकडं ५४ विमानं होती. इंजिनं ठरल्यापेक्षा लवकर काढावी लागत होती आणि बदली इंजिनं मिळत नव्हती. कंपनीनं जाहीर केलेले आकडे असे: इंजिनांअभावी उभ्या विमानांचं प्रमाण डिसेंबर २०१९ मध्ये ७ टक्के, डिसेंबर २०२० मध्ये ३१ टक्के, डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्के. सिंगापूरच्या लवादानं प्रॅटला इंजिनं पुरवायला सांगितलं होतं. ती मिळाली नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. २ मे २०२३ ला गो फर्स्टनं स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून विमानं थांबली. २० जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

प्रॅटची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांचं म्हणणं, ही कंपनी पैसे देण्याच्या बाबतीत पूर्वीपासूनच ढिसाळ होती, तिच्या मरणाचं खापर आमच्यावर फोडू नका. इंडिगोकडं हीच इंजिनं होती आणि ती कंपनी उभी आहे, हेही खरं. पण इंडिगो मोठी होती, तिच्या गाठीला पैसा होता, पुढच्या विमानांसाठी तिनं दुसऱ्या कंपनीची इंजिनं निवडली. तापाची साथ एकच असते. धडधाकट माणूस आठ दिवसांत उठतो, अशक्त माणूस जातो. म्हणून ताप नव्हताच असं म्हणता येत नाही.

काही हजार माणसांची नोकरी गेली. वैमानिक, हवाई सेविका, तंत्रज्ञ, काउंटरवरची मुलं, बॅगा चढवणारे. मुंबई विमानतळावर काम करणारी अशी कितीतरी माणसं पहाटेच्या लोकलनं ठाणे, डोंबिवली, कल्याणहून जातात. यातल्या कुणीही ते पातं घडवलं नव्हतं, कुणीही १६ टक्क्यांचं आश्वासन दिलं नव्हतं. विमान उभं ठेवण्याचा निर्णय बरोबर होता. त्याचं बिल मात्र अण्णांच्या नावावर फाटलं.

आणि यानंतर सगळ्यात मोठी गोष्ट उघडकीला आली. इंजिनाच्या गाभ्यातल्या फिरत्या चकत्या निकेलच्या मिश्रधातूच्या बारीक भुकटीपासून करतात. भुकटी दाबून, तापवून, घडवून तिची चकती बनते. २०१५ च्या शेवटापासून २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंत तयार झालेल्या काही भुकटीत नको ते कण मिसळले होते. असा एखादा कण चकतीत राहिला तर दर उड्डाणाला त्याच्याभोवती तडा वाढण्याचा धोका असतो. पातं तुटलं तर इंजिनाचं आवरण ते अडवतं. चकती फुटली तर काहीच अडवू शकत नाही. २५ जुलै २०२३ ला प्रॅटची मूळ कंपनी आरटीएक्सनं हे जाहीर केलं, आणि सप्टेंबरमध्ये सांगितलं की २०२६ पर्यंत आणखी ६०० ते ७०० इंजिनं विमानांवरून उतरवावी लागतील, एकेका इंजिनाला ३०० दिवसांपर्यंत लागतील आणि जगभर सरासरी ३५० विमानं उभी राहतील.

या प्रकरणातल्या तपासनिसांबद्दल मला राग येत नाही. चकती तयार झाल्यावर तिच्या पोटातला कण बघणं फार कठीण. पण कळल्यावर स्वतःच्या तोंडानं जगाला सांगितलं, आणि अब्जावधी डॉलरचा तोटा वहीत मांडला, ही गोष्ट मी लहान मानत नाही. इथं बिलाचा मोठा भाग निदान योग्य पत्त्यावर गेला.

*

बिल कुणाच्या नावावर फाटणार हे आधीच ठरवून ठेवलं की काय होतं, याचं उदाहरण बोइंगचं आहे.

बोइंगनं ७३७ मॅक्स हे विमान विकताना साउथवेस्ट या अमेरिकन कंपनीशी एक अट मान्य केली होती. नव्या विमानासाठी वैमानिकांना सिम्युलेटरवर प्रशिक्षण द्यावं लागलं, तर बोइंग प्रत्येक विमानामागं दहा लाख डॉलर सूट देईल. अमेरिकी संसदेच्या समितीच्या २०२० च्या अहवालात हे नोंदलं आहे. ही अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कागद खाली ठेवला. विचार करा, त्या कंपनीत एखादा इंजिनिअर बसला आहे. विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारी एक नवी यंत्रणा विमानात घातली आहे, ती वैमानिकांना नीट शिकवली पाहिजे असं त्याला वाटतं. 'पाहिजे' या एका शब्दाची किंमत शेकडो विमानं गुणिले दहा लाख डॉलर. कुणी त्याला खोटं बोल असं सांगितलं नाही. "तुम्ही म्हणाल तसं, सही तुमची" असंच वातावरण. फक्त त्याच्या 'नाही'ला आधीच किमतीची चिठ्ठी लावून ठेवलेली. २९ ऑक्टोबर २०१८ आणि १० मार्च २०१९ अशा दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली.

आणि ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या जेमतेम काही आठवडे वापरलेल्या विमानाचा दाराच्या जागी बसवलेला पत्रा १६,००० फुटांवर उडून गेला. त्याचे चार बोल्ट कारखान्यातच बसवायचे राहिले होते. दुसऱ्या एका कंपनीनं बिघडवलेले रिव्हेट दुरुस्त करायला तो पत्रा उघडला होता, पण उघडल्याची नोंदच झाली नव्हती. नोंद झाली असती तर बंद केल्यावर तपासणी करावी लागली असती. तपासणी म्हणजे वेळ. वेळेचं बिल त्या पाळीच्या माणसांवर. कुणाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण अशा कारखान्यात नोंद न करणं हे वाईट माणसाचं नाही तर दमलेल्या माणसाचं काम असतं, एवढं मी अनुभवानं सांगतो.

इथपर्यंत वाचलेल्याला अहमदाबादची आठवण झाली असेल. १२ जून २०२५ ला एअर इंडियाचं विमान पडलं तेव्हा त्यात आमच्या ठाणे जिल्ह्यातलीही माणसं होती, आणि इथल्या गल्ल्यांत कितीतरी दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. पण त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात नोंद आहे ती उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याची. माझ्या मुद्द्यासाठी त्याला उदाहरण म्हणून वापरणं हे पुन्हा न मोजता सही करण्यासारखंच होईल. ते मी करणार नाही.

*

माझं म्हणणं एवढंच आहे: दर्जा बिघडतो तो बहुतेक वेळा माणसं अप्रामाणिक असतात म्हणून नव्हे. 'नाही'चं बिल ज्यानं झिजलेला रीमर वापरायला लावला त्याच्याकडं न जाता लेथवरच्या माणसाकडं जातं म्हणून बिघडतो. तपासणाऱ्याला ते दिसतं. तो क्रूर नसतो, म्हणूनच तो सही करतो. आपण ज्याला हलगर्जी म्हणतो तिच्यात पुष्कळदा जवळच्या माणसाची दया असते, आणि ही दया लांबच्या माणसाच्या जिवावर केलेली असते.

यावर बायकोनं आक्षेप घेतला, आणि तो सोडून देण्यासारखा नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुमचा दोष नाही, व्यवस्थेचा दोष. छान. पण बिल कुणाचंही असो, तुमचं काम मोजायचं होतं." कर्म करावं, फळाकडं बघू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इन्स्पेक्टरला याहून चांगला उपदेश नाही. नो-गो आत गेलं की बाद, मग दिवाळी असो की शिमगा. मला हे पटतं. अडचण एकच आहे: तो उपदेश फळ माझ्या ताटात पडणार असेल तेव्हाचा आहे. माझं फळ सोडायला मी एक वेळ तयार होईन. अण्णांच्या ताटातलं फळ मी निर्विकारपणे कसं सोडू? दुसऱ्याच्या नुकसानाबद्दलची अनासक्ती आणि निर्दयपणा यांतला फरक मला आजही नीट सांगता येत नाही.

तरीही तिचंच बरोबर आहे. व्यवस्था वाईट असते तेव्हाही सही माझीच असते. मी अण्णांना वाचवायला खोटं लिहिलं. अण्णांना वाचवण्याचा दुसराही रस्ता होता: लॉट नाकारायचा आणि मालकांना सांगायचं, रीमर तुम्ही आणला नाहीत, पैसे तुम्ही भरा. त्या रस्त्यावर माझं काहीतरी गेलं असतं, कदाचित नोकरी. म्हणजे ज्याला मी अण्णांची दया म्हणत होतो तिच्याखाली माझीही भीती होती. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. दया आणि भीती एकाच सहीत मावतात.

दुसरा आक्षेप माझा मलाच आहे. 'नाही'चं बिल कुणालाच पडलं नाही तर? मग प्रत्येक जण शंकेखातर नाही म्हणेल आणि एकही विमान उडणार नाही. बरोबर. बिल पडलंच पाहिजे. पण ते घाईचा फायदा ज्यानं घेतला त्याला पडावं. आणि हा शोध घेत गेलं की तो फक्त अमेरिकेतल्या कंपनीपाशी थांबत नाही. त्या १६ टक्क्यांतला काही भाग इंजिनवाल्यांनी घेतला, काही विमान कंपनीनं, आणि काही आपण. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतली माणसं आज दिवाळीत विमानानं गोव्याला जातात. त्या तिकिटाच्या भावात त्या नव्या इंजिनाचा हात आहे. आणि विमान दोन तास उशिरा सुटलं की काउंटरवरच्या बावीस वर्षांच्या मुलीवर आपण ओरडतो तेव्हा कुठं तरी हँगरमध्ये टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या 'नाही'च्या बिलात आपण आपला आकडा मिळवत असतो.

*

विमानांच्या जगाकडून मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथं दोष सापडला की जाहीर निर्देश निघतो: अमुक क्रमांकाची इंजिनं, अमुक भाग, अमुक तारखेपर्यंत तपासा. जगात कुणीही तो वाचू शकतो. माझी भाची फोनवर "ती इंजिनांची भानगड" म्हणू शकली ती यामुळं. तिला भीती वाटली, कारण तिला माहिती होती.

आम्हाला आमच्या गल्लीतलं तेवढं माहीत नसतं. २६ मे २०१६ ला डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला. २३ मे २०२४ ला पुन्हा झाला, दहाहून अधिक कामगार गेले, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या, आणि लगेच दुसरा आवाज उठला: आमच्या नोकऱ्यांचं काय? तो आवाजही खराच होता. कारखाना बंद करा म्हटलं तर बिल कामगाराचं, चालू ठेवा म्हटलं तरी स्फोटाचं बिल कामगाराचंच. दोन्ही बाजूंनी अण्णाच. कुठल्या कारखान्यातलं कुठलं पात्र कधी तपासलं, नो-गो कुठं आत जातं आहे, याची यादी आमच्या कुणाच्या हातात नाही.

त्या दुपारी आमच्या खिडक्या हादरल्या तेव्हा धुराचा लोट बघायला सगळे गच्चीत धावले. मीही गेलो. आणि तिथं उभा असताना माझ्या मनात जे आलं ते वेडगळ होतं, हे मला तेव्हाही समजत होतं. मनात आलं, त्या बुश कुठं गेल्या असतील? तेहतीस वर्षांपूर्वीचे पंप केव्हाच भंगारात गेले असणार. त्या स्फोटाशी त्यांचा काडीचा संबंध असण्याचं कारण नाही. पण नसल्याचं मला कुणी लिहून देऊ शकत नाही, कारण लिहायची वेळ आली तेव्हा मीच खोटं लिहिलं होतं. खोट्या सहीची ही शिक्षा असते: एकदा केली की नंतरच्या प्रत्येक अपघातात आपण थोडे थोडे संशयित असतो, निदान स्वतःच्या लेखी.

भाचीला मी त्या रात्री पुन्हा फोन केला. म्हटलं, "निर्धास्त बस म्हणालो ते थोडं चुकलं. विमान चांगलं आहे, तपासणारेही चांगले आहेत. पण त्यांना कधी थांबावंसं वाटलं आणि तुला उशीर झाला, तर त्यांच्या बाजूनं राहा." ती हसली. "मामा, सोमवारी सकाळी दहाला जॉइन व्हायचंय हो मला." तिचंही बरोबर होतं. तिच्या उशिराचं बिलही कुणीतरी तिच्याच नावावर फाडणार होतं.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपच्या जागी आता काचेची इमारत आहे. मालक वारले, अण्णाही गेले. तो लॉट आज मी इथं नाकारतो आहे. वीसपैकी सतरा पास, तीन बाद, संपूर्ण लॉट थांबवावा. हे लिहायला आता मला काहीच पडलं नाही, नोकरी नाही, बोनस नाही, कुणाची वाकडी नजरही नाही. त्यामुळं या 'नाही'ची किंमत किती, तेही वाचणाऱ्याला कळेलच.